म्हाताऱ्याच्या हातातला कंदील

१

काचपेटीतला पत्ता खोटा आहे हे माझ्या भाचीनं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तिथेच तिचं चुकलं. विमा कंपनीत उभा जन्म चोऱ्या तपासण्यात घालवल्यावर मला एवढं कळलंय की चोरी ज्याला आधी दिसते, आळ आधी त्याच्यावरच येतो. म्हणून चोरी दिसली की तोंड मिटावं, मावशीला फोन करावा आणि मग काय ते बोलावं. आमच्या बाईसाहेब आधी बोलून मोकळ्या झाल्या आणि रडत फोन नंतर केला.

मी संग्रहालयात पोचले तेव्हा संध्याकाळच्या उद्घाटनाची धावपळ चालू होती. हल्ली भविष्य सांगायला वापरतात त्या टॅरोच्या पत्त्यांवरची चित्रं शतकानुशतकं कशी बदलत गेली, याचं प्रदर्शन. भिंतीभर पोस्टरं आणि प्रत्येक पोस्टरवर तोच एक म्हातारा. पांढरी दाढी, पायघोळ झगा, एका हातानं झगा सावरलेला आणि दुसऱ्या हाताच्या घट्ट मुठीत कडी धरून उंच केलेला कंदील. हा पत्ता म्हणजे या लग्नातला नवरदेव. छपाई यायच्या आधी कुठल्याशा राजघराण्यासाठी हातानं रंगवलेला, मागे सोन्याचा वर्ख, त्या वर्खावर सुईनं टोचून काढलेली नक्षी. आणि पहिल्या काचपेटीत नवरदेवच नव्हता. तिथे होता पुठ्ठ्यावर डकवलेला छापील कागद.

"चिकटवलाय मात्र झकास," मी म्हटलं.

"मावशी, तुला कौतुक सुचतंय?" भाचीचे डोळे सुजले होते. जुने कागद आणि चित्रं दुरुस्त करणं हा तिचा पेशा. या पत्त्यावर गेले कित्येक आठवडे तीच काम करत होती.

संचालकबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "हिच्या टेबलावर रंग पुसायचं औषध सापडलं. कापसाचे बोळे सापडले, त्यांवर कंदिलाचा पिवळा आणि तपकिरी रंग. पत्ता गायब. आता मी काय समजायचं? पुसताना पत्ता खराब झाला, हिनं तो दडवला आणि नक्कल ठेवून दिली. उद्घाटनाचा विचका नको म्हणून आज संध्याकाळपर्यंत मी गप्प आहे. नंतर पोलिसांना कळवणार."

"आणि हिची नोकरी?"

"नोकरीचं सोडा. असा डाग लागलेल्या माणसाच्या हातात पुन्हा कोणी कागदाचा कपटा तरी देईल का?"

बाई कडू बोलल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. या धंद्यात हात आणि नाव एवढंच भांडवल असतं. भाचीनं मला ओढत तिच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पाठ दाराला टेकून उभी राहिली.

"मावशी, कंदील मीच पुसला," ती म्हणाली.

२

मी काही विचारायच्या आत ती पुढे बोलत राहिली.

"नंतरचे रंग काढायची परवानगी होती मला, संचालकबाईंचीच. कंदिलाची एक कड साफ करायला घेतली तर रंग सहज सुटला. आणि खाली वर्ख. वर्खावरची नक्षी कंदिलाच्या खालून सलग गेलेली. म्हणजे मूळ चित्रात कंदील नव्हताच, तो पुढे कुणीतरी वरून रंगवला. मग सावकाश सगळा काढला. खाली वाळूचं घड्याळ निघालं."

"असं कोण कशाला करेल?"

"फॅशन बदलली म्हणून. अगदी जुन्या पत्त्यांत हा म्हातारा म्हणजे काळ, म्हणून त्याच्या हातात वाळूचं घड्याळ. पुढे लाकडी ठशांनी पत्ते छापायला लागले, तेव्हा कुठेतरी घड्याळाचा कंदील झाला आणि मग सगळीकडे कंदीलच राहिला. या पत्त्याच्या तेव्हाच्या मालकाला तो जुनाट वाटला असेल. त्यानं चित्रकार बोलावला आणि घड्याळावर कंदील चढवून घेतला. नुसता कंदील नाही, हातसुद्धा बदलला. मूळ म्हाताऱ्याचा तळवा उताणा आहे, घड्याळ त्यावर उभं ठेवलंय. कंदील तसा धरता येत नाही, म्हणून त्या चित्रकारानं वरून मूठ रंगवली."

"आणि हे तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

मी कपाळावर हात मारला. "का गं बये?"

"सरांसाठी."

हे सर म्हणजे प्रदर्शनाचे मुख्य अभ्यासक आणि भाचीचे गुरू. तिला कागद कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं, ही जागाही त्यांनीच मिळवून दिली. त्यांचं सगळं नाव या एका पत्त्यावर उभं होतं. जगातले बाकी तज्ज्ञ म्हणत की आधी घड्याळ, मग कंदील. सर म्हणत की नाही, कंदील पहिल्यापासून होता आणि हा बघा पुरावा. त्यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. विद्यार्थी त्यांना मागून 'कंदील सर' म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

"सर परगावी भाषणाला गेले होते," भाची म्हणाली. "ही गोष्ट फोनवर कशी सांगायची? ते आले की आधी त्यांनाच दाखवायचं ठरवलं. काल फोटो काढले, पत्ता खणात ठेवला आणि घरी गेले. सकाळी पेटीत बघते तर कंदील. म्हणून तर ओरडले. आता पत्ता नाही आणि कॅमेऱ्यातलं कार्डही नाही."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचाही संशय आला. बहिणीची मुलगी असली म्हणून काय झालं? घाबरलेलं माणूस काहीही रचून सांगतं. मी तिच्याकडून ते बोळे मागून घेतले आणि खिडकीशी नेऊन एकेक उलगडून पाहिला. पिवळा रंग होता, तपकिरी होता, पण सोन्याचा कणही नव्हता. हात घसरून पत्ता बिघडला असता तर वर्ख कापसाला लागल्याशिवाय राहिला नसता. पोरगी खरं बोलत होती. मला तिच्यावर संशय घेतल्याची लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

मग मी चोराच्या डोक्यानं विचार केला. पत्ता विकायचा असता तर त्यानं पत्ता उचलला असता आणि पळाला असता. फोटो कशाला नेले? फोटोंना बाजारात कोण विचारतो? ज्यानं दोन्ही नेलं, त्याला पत्ता नको होता. ते घड्याळ कुणाला दिसायला नको होतं.

"काल तू गेल्यावर इमारतीत कोण कोण होतं?"

तिला माहीत नव्हतं, म्हणून पहारेकऱ्याला बोलावलं. त्यानं तीन माणसं सांगितली. पोस्टरं छापणारे शाईकाका, प्रदर्शनात भविष्य सांगायला नेमलेल्या भविष्यबाई, आणि परगावाहून परत आलेले सर. खोलीची किल्ली खालच्या खिळ्यावर टांगलेली असते, ती कुणीही घ्यावी. आणि नकलेसाठी लागणारे छपाईचे नमुने जिन्याखाली गठ्ठ्यानं पडलेले.

"सर नाहीत," भाची पटकन म्हणाली. "ते फक्त टपाल घ्यायला आले होते. सकाळी म्हणालेत तसं."

"मी कुठे काय म्हटलं?" मी म्हटलं. "तू एकच कर. खाली काय निघालं ते कुणाला सांगू नकोस. मी आता जाऊन सगळ्यांशी खोटं बोलणार आहे."

३

शाईकाका शिडीवर चढून शेवटचं पोस्टर सरळ करत होते. बोटांना शाई, कानाला पेन्सिल, तोंडाचा पट्टा चालू.

"ताई, आमच्या धंद्यानं पत्त्यांना गरिबाघरी नेलं. आधी एकेक पत्ता सोन्यात रंगवायचे आणि दरबारात खेळायचे. हो, खेळायचे. भविष्यबिविष्य फार नंतरचं. मग लाकडी ठसे आले. काळी रेघ छापायची आणि कागदाला भोकं पाडून केलेल्या साच्यातून रंग फासायचा. घाईत साचा सरकला की राणीच्या गालाचा लाल रंग थेट खांद्यावर. बघा ना त्या पेटीत. आणि चित्र ओळखू येईना म्हणून खाली नाव आणि वर आकडा छापायला लागले."

"पत्त्याचं कळलं ना तुम्हाला?"

ते शिडीवरून उतरले. "कळलं. पोरगी गुणी आहे हो. पण एखाद्या दिवशी हात चुकतो."

"ती म्हणते कंदील वरून रंगवलेला होता. खाली कुबडी निघाली."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग दाराजवळच्या गठ्ठ्यांकडे. सगळीकडे कंदील. आठवण म्हणून विकायचे पत्ते, कॅलेंडर, पिशव्या, सगळा माल छापून तयार होता आणि कंदील खोटा ठरला तर तो रद्दीत जाणार होता. हा माणूस मला आवडला होता, पण आवडलेल्या माणसांनी मला याआधीही फसवलंय.

"कुबडी," ते पुटपुटले. "बसेल म्हणा. मूठ तशी आहेच, कडीच्या जागी कुबडीचा दांडा धरला की झालं. पण मग माझ्या मालाचं काय करू मी?"

"काल संध्याकाळी वर गेला होतात?"

"रंग ताडून बघायला निघालो होतो. दार बंद दिसलं, परत आलो." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ताई, तुम्ही मला चोर समजताय काय?"

"आज मी सगळ्यांनाच समजतेय. तुमचा नंबर लागला एवढंच."

भविष्यबाईंची खोली भाचीच्या खोलीला लागूनच होती. गळ्यात मणी, टेबलावर मखमल आणि मखमलीवर नव्या धाटणीच्या पत्त्यांचा जोड. या जोडात प्रत्येक पत्त्यावर गोष्टीतल्यासारखं चित्र होतं. साध्या पाच-सहाच्या पत्त्यावरसुद्धा माणसं भांडत होती, रडत होती, नावेतून जात होती.

"पूर्वी या पत्त्यांवर नुसते पेले नि तलवारी मोजून काढायचे," बाई म्हणाल्या. "गेल्या शतकात चित्रं आली आणि आमचं काम सोपं झालं. गिऱ्हाईक चित्र बघतं आणि स्वतःच रडायला लागतं. बसा, तुमचं बघू?"

"माझं मला माहीत आहे. तुमचं सांगा. काल काय करत होतात?"

"मांडामांड. शेजारच्या खोलीत कुणीतरी खण उघडला, तेवढं ऐकू आलं. मला वाटलं तुमचीच पोर आहे."

"पाहिलं नाहीत?"

"भिंतीपलीकडचं दिसलं असतं तर इथे बसले असते का?" त्या हसल्या. मीही हसले असते, पण त्यांच्या पाटीवर, चिठ्ठ्यांवर, अगदी गळ्यातल्या लोलकावरही तोच कंदील होता. अंधारात वाट दाखवणारा म्हातारा म्हणून त्या स्वतःची जाहिरात करत. घड्याळवाला म्हातारा वाट दाखवत नाही, वेळ संपली म्हणून सांगतो. असल्या बाईकडे कोण येईल?

मी कुबडीची थाप इथेही मारली. त्यांनी खांदे उडवले. "असेल. मूठ आवळून धरलंय ते आधारासाठीच. कुबडी काय नि कंदील काय, म्हाताऱ्याला आधारच. मी तसं सांगेन लोकांना."

माझं डोकं भणभणलं. दोघांकडे कारण होतं, दोघांना संधी होती आणि दोघांनी माझी थाप बिनबोभाट गिळली होती. आता उरले सर. सकाळच्या गोंधळानंतर डोकं दुखतंय म्हणून ते घरी गेले होते.

४

सरांनी स्वतः दार उघडलं. उंच, किडकिडीत, आवाज मऊ. अभ्यासिकेत छतापर्यंत पुस्तकं आणि मधोमध मोठं टेबल. मला त्यांनी चांगली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले.

"तुमच्या भाचीचं मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "मी संचालकबाईंशी बोलेन. पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाही. दुसऱ्या गावी एखादी लहानशी जागा बघून देईन तिला."

"म्हणजे तिनं पत्ता बिघडवला असं तुम्हालाही वाटतं?"

"हातून चूक होते. तिच्या वयात माझ्याही झाल्यात."

"तुम्ही पत्ता शेवटचा कधी पाहिलात?"

"सफाईला दिला त्या दिवशी. त्यानंतर मी परगावी होतो. काल आलो ते फक्त टपाल घेतलं आणि निघालो."

मी मान डोलावली. त्यांचा ग्रंथ समोरच्या फळीवर होता. मी तो मागितला आणि पानं उलटत बसले. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं असं नाही, पण मी चित्रंच बघत होते. "हा जादूगार ना? हातात कांडी घेतलेला?"

"जादूगार नंतरचा. आधी तो बाजारात पेले पालथे घालून लोकांना फसवणारा गारुडी होता. लोकांनी त्याला पुढे मोठं केलं." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय या माणसाला राहवत नव्हतं.

"तुम्ही तिला लहानशी जागा देणार, ते ठीक," मी पुस्तक मांडीवर ठेवत म्हटलं. "पण ती आता भलतंच काही सांगतेय. म्हणते, कंदील नंतरचा होता, पुसला तर खाली कुबडी निघाली. म्हाताऱ्यानं कुबडी धरलीय म्हणे."

"ती असं म्हणणार नाही."

"मला म्हणाली की."

"शक्यच नाही." सर उठून उभे राहिले. आवाजातला मऊपणा गेला होता. "माझी विद्यार्थिनी आहे ती. मी तिला बघायला शिकवलंय. उताण्या तळव्यावर कुबडी राहते का? एवढं तिला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

मी ग्रंथ मिटला.

"सर," मी म्हटलं, "तळवा उताणा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

५

ते खिडकीकडे वळले. "जुन्या पत्त्यांत तसाच असतो," ते म्हणाले.

"नसतो. आत्ताच तुमच्या ग्रंथात पाहिलं. तुम्ही दिलेल्या प्रत्येक जुन्या पत्त्यात म्हाताऱ्यानं घड्याळ बोटांत घट्ट पकडलंय. आपल्या पत्त्याच्या पोस्टरवर मूठ आहे, नकलेवर मूठ आहे. शाईकाका मुठीचं बोलले, भविष्यबाई मुठीचं बोलल्या. तुम्ही सफाईला दिलात तेव्हाही मूठच होती. उताणा तळवा काल संध्याकाळी पहिल्यांदा उघडा झाला. तो भाचीनं पाहिला आणि खण उघडणाऱ्यानं पाहिला."

ते खिडकीच्या गजावर बोट फिरवत राहिले.

"विकायचा असता तर तुम्ही फोटो नेले नसतेत. तुम्हाला घड्याळच नको होतं. तिनं तुमच्या मानाखातर तोंड मिटून ठेवलं आणि तिच्या त्या गप्प बसण्याचाच तुम्ही फायदा घेतलात. घड्याळ निघालं हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, म्हणजे तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

सरांनी टेबलाचा खण उघडला. दोन टिपकागदांच्या मधे पत्ता होता. सोनं अजून लखलखीत, म्हाताऱ्याच्या उघड्या तळव्यावर नाजूक घड्याळ, आणि घड्याळाच्या डोक्यावर एक ताजी तपकिरी कडी.

"कंदील परत रंगवून पत्ता पेटीत ठेवणार होतो," ते म्हणाले. "कडी रंगवली आणि हात पुढे जाईना."

मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. मी भाचीला फोन करून बोलावून घेतलं.

ती आली, पत्ता पाहिला, खिडकीशी धरला. "जलरंग आहे. निघेल," ती म्हणाली. एवढं बोलेपर्यंत आवाज शाबूत होता. मग ती सरांकडे वळली. "सकाळी बाई मला बोलत होत्या, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"हो."

"मी तुमच्याकडे बघत होते, सर. मला वाटलं, निदान तुम्ही तरी म्हणाल की हिचा हात असा चुकणार नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात ना, त्यातला प्रकार. पोरगी रडेल असं वाटलं, पण ती रागानं पांढरी पडली होती आणि मला ते बघून बरं वाटलं.

संचालकबाईंना पत्ता मिळाल्याचा आनंद झाला आणि लगेच घोर लागला. "झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "सरांना प्रकृतीच्या कारणानं रजा देऊ. कडी पुसून घे आणि लावून टाक. बाहेर काही बोलायला नको. तुझी नोकरी आहेच."

"माझ्यावर आळ सगळ्यांसमोर घेतलात," भाची म्हणाली. "शाईकाका होते, शिपाई होते, भविष्यबाई होत्या. त्या सगळ्यांना अजून वाटतंय की मी पत्ता नासवला. तो आळ खोलीत दार लावून कसा जाईल? कडी मी आज पुसणार नाही. पत्ता असाच लावायचा. आणि भाषण सरांनीच करायचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? मीच असते तर याहून वाईट काहीतरी मागितलं असतं.

संध्याकाळी हॉल भरला. भिंतीवर शेकडो कंदील आणि पहिल्या पेटीत घड्याळ. लोक पोस्टर बघत, पेटीत वाकून बघत, पुन्हा पोस्टर बघत. शाईकाका कोपऱ्यात उभे राहून घाम पुसत होते. सर व्यासपीठावर चढले. हातात भाषणाचे कागद होते, ते त्यांनी उघडले नाहीत.

त्यांनी आरंभ नेहमीसारखा केला. दरबारातले सोन्याचे पत्ते, मग ठसे, मग साचे, मग भविष्य. मला वाटलं, हा गृहस्थ शब्दांच्या आडून निसटणार. माझी मूठ वळली. भाची माझ्या शेजारी ताठ उभी होती.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "त्या घड्याळावर तपकिरी काय आहे?"

सर थांबले. "ते माझं आहे," ते म्हणाले. "काल मी हा पत्ता चोरला. खाली घड्याळ निघालं होतं आणि मी जन्मभर कंदील सांगत आलो, म्हणून तो कंदील परत रंगवायला बसलो. आळ माझ्या विद्यार्थिनीवर आला आणि मी तो येऊ दिला. तिनं काहीही बिघडवलेलं नाही. तिनं मूळ चित्र बाहेर काढलं."

पहारेकऱ्यानं भाचीकडे पाहिलं, मग शाईकाकांनी पाहिलं, मग हळूहळू सगळा हॉल तिच्याकडे वळला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलं नाही.

"पण मग," त्याच बाई म्हणाल्या, "म्हाताऱ्याचा हात पहिल्यापासून असा होता, हे कशावरून?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सर जन्मभर उभे राहिले होते. त्यांनी एक पाऊल बाजूला घेतलं आणि माइक मोकळा सोडला.

"ते तिला विचारा," ते म्हणाले.

भाचीनं माझा हात घट्ट धरला होता. तो तिनं सोडला आणि ती पुढे गेली.